पानावरची अळी मारायच्या आधी नीट बघा: गच्चीवरच्या बागेत मित्रकीटक कसे कामाला लावायचे

चार-पाच वर्षांपूर्वीची गोष्ट, जानेवारीत माझ्या गच्चीवरच्या वालाच्या वेलावर मावा पडला, म्हणजे झाडाचा रस शोषणारी बारीक कीड. काळा मावा, शेंड्यांना इतका दाट चिकटलेला की खालचा हिरवा देठच दिसेना. आणि त्या माव्यातनं काळ्या-नारिंगी, जरा काटेरी, मगरीच्या पिल्लासारख्या दिसणाऱ्या अळ्या तुरुतुरु फिरत होत्या. मला वाटलं हीच खरी कीड, मावा म्हणजे हिचीच पिल्लं असणार. मग काय, भुवयांचा चिमटा घेतला आणि एकेक अळी उचलून साबणाच्या पाण्यात, चांगल्या तीसेक मारल्या, वर स्वतःवर खूश. चार दिवसांत मावा दुप्पट. शेवटी अ‍ॅग्रीला शिकणाऱ्या भाचीला फोटो पाठवला तर मेसेज नाही, थेट फोनच आला, "मावशी, ढालकिड्याची, म्हणजे लेडीबर्डची पिल्लं मारलीस गं तू! तीच तर मावा खात होती."

तेव्हापासून या मित्रकीटकांबद्दल, म्हणजे कीड खाणाऱ्या किड्यांबद्दल, जे काही शिकले ते इथे लिहितेय, ज्यांनी नुकत्याच कुंड्या लावल्यात त्यांच्यासाठी. क्रम मात्र लक्षात ठेवा: आधी ओळख, मग त्यांची राहायची-खायची सोय, आणि विकत आणणं सगळ्यात शेवटी. बरेच लोक उलट सुरुवात करतात, ऑनलाइन किडे मागवतात, कुंडीत सोडतात आणि दुसऱ्या दिवशी सगळे शेजारच्या बिल्डिंगकडे उडून गेलेले असतात.

पायरी १: फवारणीची बाटली खाली ठेवा

हे सगळ्यात अवघड आहे, कारण मावा दिसला की हात शिवशिवतात. पण रासायनिक कीटकनाशक मारलं की मावा मरतो तसे ढालकिडेही मरतात, आणि मग गंमत अशी होते की मावा आठवड्याभरात परत येतो, खाणारे मात्र येत नाहीत. माव्याच्या माद्यांना थंडीत नराचीही गरज लागत नाही, अंडी घालायचीही भानगड नाही, थेट जिवंत पिल्लं देतात आणि ती पिल्लं हप्त्याभरात स्वतः पिल्लं द्यायला लागतात. ढालकिड्याला अंड्यापासून मोठं व्हायलाच तीन आठवडे लागतात. त्यामुळे फवारणीनंतरची शर्यत मावाच जिंकतो.

आधीच काही जहाल औषध मारलं असेल तर किमान तीन आठवडे तरी कुठलेही मित्रकीटक विकत आणून सोडू नका, पानांवर उरलेल्या औषधानेच मरतील.

"मी तर फक्त कडुलिंबाचं तेल वापरते" असं म्हणणाऱ्यांसाठी: ते बरंच सौम्य आहे, पण अंगावर थेट पडलं तर मऊ अळ्यांना त्याचाही त्रास होतो, साबणाच्या पाण्याचं तर विचारूच नका. मारायचंच असेल तर लिटरला ५ मिली, संध्याकाळी, आणि फक्त त्या एका शेंड्यावर जिथे नुसती कीड आहे आणि खाणारं कोणी दिसत नाही. अख्ख्या बागेला आंघोळ घालू नका. आणि सोसायटीत डासांसाठी धुराचं मशीन फिरतं तेव्हा जमलं तर कुंड्यांवर जुनी चादर टाका. माझ्याकडे एकदा त्या धुरानंतर आठ दिवस एकही माशी फिरकली नव्हती, मधमाशीसुद्धा नाही.

पायरी २: आठवडाभर नुसतं बघा

साहित्य: स्टेशनरीच्या दुकानातलं एक भिंग, एक पांढरा कागद, खराट्याची काडी. सकाळी ऊन चढायच्या आत पानं उलटी करून बघा, सगळा संसार पानाच्या मागे असतो. कागद फांदीखाली धरून फांदी झटकली की काय काय आहे ते कागदावर पडतं, फुलकिडे आणि लाल कोळी तर असेच कळतात, नाहीतर डोळ्यांना दिसत नाहीत.

आता कोण कोण दिसेल ते सांगते, आणि इथे जरा वेळ काढते कारण खरी मेख इथेच आहे.

ढालकिडा, म्हणजे लेडीबर्ड, सगळ्यांना माहीत असतो: लाल-केशरी, पाठ वाटीसारखी, वर काळे ठिपके किंवा नागमोडी पट्टे. पण मोठा किडा ओळखून काही फायदा नाही, ओळखायची ती त्याची अंडी आणि अळी. अंडी पिवळीजर्द, लांबट, पानाच्या मागे उभी करून ठेवल्यासारखी, दहा-वीस-तीसचा पुंजका, माव्याच्या अगदी शेजारी. तीन-चार दिवसांत फुटतात. मग मी मारली ती मगर. ती मोठी होईपर्यंत शेकडो मावा खाते. नंतर ती पानाला शेपटी चिकटवून, कुबड काढून गप्प बसते, तो कोष. लोक त्याला रोग समजून पान तोडून टाकतात. तोडू नका.

दुसरा मित्र क्रायसोपा, इंग्रजीत लेसविंग. त्याची अंडी एकदा बघितली की विसरत नाही माणूस. पानावर केसासारखा बारीक दोरा उभा, आणि टोकाला पांढरट-हिरवा थेंब, त्यात एकच अंडं. असं का, तर पहिली फुटणारी अळी इतकी खादाड असते की शेजारचं भावंडच खाईल, म्हणून आईने प्रत्येकाला वेगळ्या काठीवर बसवलंय. माझ्या सासूबाई त्याला बुरशी समजून फडक्याने पुसत होत्या. मोठा क्रायसोपा पोपटी, पंख जाळीदार, रात्री ट्यूबलाइटपाशी येऊन बसतो, तो स्वतः मध आणि परागकणांवर असतो. शिकार करते ती अळी, विळ्यासारखे दोन जबडे असतात तिला, मावा, तुडतुड्यांची पिल्लं, पांढरी माशी, अंडी, जे मऊ सापडेल ते.

सिरफिड माशी: मधमाशीसारखे पिवळे-काळे पट्टे, पण हवेत एका जागी हेलिकॉप्टरसारखी थांबते, आणि चावत नाही. हिची अळी बिनपायाची, हिरवट, गोगलगाईच्या पिल्लासारखी लिबलिबीत. तीही माव्यातच सापडते आणि तीही बिचारी बोटांखाली चिरडली जाते.

आणि एक दिसतच नाही असा मित्र: माव्याच्या पोटात अंडं घालणारी चिमुकली गांधीलमाशी. तिने काम केलं की तो मावा फुगून, सोनेरी-तपकिरी, कागदासारखा कडक होतो, हलत नाही. त्याला ममी म्हणतात. ममीवर गोल भोक दिसलं तर नवीन माशी बाहेर पडली असं समजा. शेंड्यावर पाच-दहा ममी दिसल्या तर त्या शेंड्याला अजिबात हात लावू नका, तुमचं काम झालेलं आहे.

प्रार्थना कीटक, काही जण ज्याला खंडोबाचा किडा म्हणतात, तो असू द्या पण त्याच्याकडून फार अपेक्षा नको. तो मधमाशी पण खातो, ढालकिडा पण खातो, समोर येईल ते खातो. कोळी तसेच, तरी जाळी झाडूने काढत बसू नका.

आता फसवाफसवी. वांग्यावर एक ठिपकेवाला भुंगा येतो, एपिलॅक्ना, तो ढालकिड्याच्याच खानदानातला पण शाकाहारी. रंग मातकट-केशरी, पाठीवर चमक नाही, बारीक लव असते, ठिपके खूप, नेहमीच्या जातीत २८. त्याची अळी पिवळी आणि सगळ्या अंगावर फांद्या फुटल्यासारखे काटे. पान असं खातो की शिरांची जाळी तेवढी उरते. नवीन माणूस "अय्या ढालकिडा" म्हणून त्याचं कौतुक करत बसतो आणि वांग्याचं झाड जातं. साधा नियम: आजूबाजूला मावा आहे आणि पान शाबूत आहे तर मित्र, मावा नाही आणि पानाची चाळण झालीय तर शत्रू, उचला आणि साबणाच्या पाण्यात टाका (हा चिमटा तेवढ्यासाठी ठेवलाय अजून). रस्त्याकडेच्या गाजर गवतावर पावसाळ्यात काळ्या-पिवळसर रेघांचे भुंगे दिसतात ते वेगळेच, मेक्सिकन भुंगे, ते फक्त गाजर गवत खातात, मुद्दाम त्यासाठीच देशात आणलेत. ते पकडून कुंडीत सोडायचा उपयोग शून्य.

दुसरी फसवाफसवी जास्वंदीवर. तिथे पांढरा कापूस दिसतो, तो मिलीबग, आपला पिठ्या ढेकूण. पण त्या कापसात कधीकधी एखादा मोठा, लांब-लांब पांढऱ्या झालरी असलेला "मिलीबगचा आजोबा" दिसतो. तो मिलीबग नाही! तो क्रिप्टोलिमस नावाच्या ढालकिड्याची अळी, मिलीबगचं सोंग घेऊन मिलीबगच खाते. काडीने हळूच ढोसा. मिलीबग जागचा हलत नाही किंवा अगदीच मुंगीच्या पावलाने सरकतो, ही झटकन पळते. त्या काडीने माझ्या तरी किती अळ्या वाचल्यात.

पायरी ३: मुंग्यांचा बंदोबस्त

ही पायरी गाळली तर पुढचं सगळं फुकट. मावा आणि मिलीबग गोड चिकट पाणी सोडतात, मुंग्यांना ते हवं असतं, म्हणून त्या माव्याची राखण करतात, ढालकिड्याची अंडी उचलून नेतात, अळ्यांना चावून हाकलतात. झाडावर मुंग्यांची ये-जा दिसली की वर कुठेतरी मावा किंवा मिलीबग आहेच.

मुंग्या मारायच्या नाहीत, वाट अडवायची. कुंडीखाली पाण्याची थाळी आणि त्यात विटेचा तुकडा, त्यावर कुंडी. मोठ्या झाडाच्या खोडाला आधी रुंद चिकटपट्टी गुंडाळा आणि त्या पट्टीवर व्हॅसलीन किंवा ग्रीस लावा, थेट सालीला लावू नका. आणि बघा, पान भिंतीला किंवा दोरीला टेकलेलं नसेल, मुंगीला एवढा पूल पुरतो. थाळीतलं पाणी दर तीन-चार दिवसांनी ओता, नाहीतर डास होतील आणि परत ते धुराचं मशीन येईल.

पायरी ४: फुलं आणि थोडी कीड, दोन्ही ठेवा

क्रायसोपा, सिरफिड, गांधीलमाश्या, या सगळ्यांच्या अळ्या शिकारी असल्या तरी मोठे झाल्यावर यांना फुलातला मध लागतो, आणि तोही उथळ बारीक फुलातला, कारण यांची तोंडं लहान. मोठं डबल जास्वंद यांच्या कामाचं नाही. कोथिंबीर, शेपू, बडीशेप यांना फुलं येऊ द्या. आपण कोथिंबीर फुलावर आली की उपटून टाकतो, तसं न करता दोन-चार काड्या तशाच सोडा, पांढऱ्या छत्र्यांवर सकाळी किती गर्दी होते बघा. मोहरी, तुळस, झेंडू चालतात. सगळं एकदम पेरू नका, दर पंधरा दिवसांनी चिमूटभर धणे टाकत राहा म्हणजे सतत काहीतरी फुललेलं राहील.

आणि आता जे सांगणारे ते ऐकून घरचे तुम्हाला वेड्यात काढतील: एक कुंडी कीड पाळायला ठेवा. चवळी लावा, तिच्यावर काळा मावा येतोच येतो, त्याच्यामागे ढालकिडे येतात, अंडी घालतात, आणि मग तिथली पलटण बाकीच्या बागेत पसरते. शेतकरी कपाशीच्या कडेने चवळी आणि मका लावतात ते याचसाठी. एकच काळजी, चवळीचा काळा मावा वालावर पण जातो, म्हणून ती कुंडी वालापासून लांब, गच्चीच्या दुसऱ्या टोकाला.

पायरी ५: फुकटात मिळतात ते आणा

आमच्या गावाकडे, सोलापूर बाजूला, थंडीत ज्वारीवर चिकटा पडतो, म्हणजे मावा आणि त्याचं ते गोड चिकट पाणी. लहानपणी हुरड्याच्या वेळेला रानात गेलो की बाहीवर पाच-सहा ढालकिडे घेऊनच घरी यायचो, कोणाला त्याचं काही वाटायचं नाही. आता मी मुद्दाम प्लास्टिकचा डबा घेऊन जाते. शहरात राहत असाल तर मोकळ्या प्लॉटवर रुईचं झुडूप शोधा, तिच्या शेंड्यावर पिवळा मावा असतो आणि त्यात बऱ्याचदा ढालकिड्याच्या अळ्या, सिरफिडच्या अळ्या आणि ममी सगळं एकत्र मिळतं. तो पिवळा मावा रुई-कण्हेरीच्या घराण्यातच राहतो, तुमच्या भाजीवर चढून बसायचा नाही. अळी असलेलं पान अलगद तोडा (रुईचा चीक डोळ्यात जाऊ देऊ नका, हात धुवा) आणि घरी आपल्या मावा पडलेल्या शेंड्याला क्लिपने अडकवा. अळ्या आपसूक उतरतात. मोठे उडणारे ढालकिडे पकडण्यापेक्षा अळ्या आणलेल्या बऱ्या, पंख नाहीत, जाणार कुठे.

हे काही माझं डोकं नाही. २००२ साली आपल्याकडे उसावर लोकरी मावा आला, सांगलीकडून सुरुवात झाली, पांढरेशुभ्र फड दिसायचे. तेव्हा डिफा नावाच्या पतंगाच्या अळ्या आणि मायक्रोमस (क्रायसोपाचाच एक भाऊबंद) या दोघांनी तो आवरला, आणि शेतकऱ्यांनी ज्या फडात हे भरपूर आहेत तिथली पानं कापून दुसऱ्या फडात नेऊन टाकली. आपण तेच करतोय, फक्त कुंडीत.

पायरी ६: आता विकत आणायचं असेल तर

कृषी विद्यापीठं आणि कृषी विज्ञान केंद्रं, यातल्या काहींकडे मित्रकीटकांची प्रयोगशाळा असते, आधी फोन करून विचारा कारण सगळं बारा महिने तयार नसतं. मी एका विक्रेत्याकडून कुरियरने मागवलं होतं, मे महिन्यात पाच दिवस गाडीत शिजून आलं, डबी उघडली तर आत नुसता भुसा. तेव्हापासून उन्हाळ्यात मी स्वतः जाऊन आणते.

क्रिप्टोलिमस: मिलीबगसाठी, आणि घरच्या बागेला पैसे खर्च करायचेच तर याच्यावर करा. भुंगा काळपट, डोकं आणि पार्श्वभाग तांबूस. मूळचा ऑस्ट्रेलियाचा, १८९८ मध्ये भारतात आणला तो कॉफीवरच्या खवले किडीसाठी. मी एका मोठ्या जास्वंदीवर दहा सोडते. मिलीबग भरपूर असतानाच सोडा, कारण त्याला अंडी घालायला तोच कापूस लागतो, चार-दोन मिलीबगसाठी तो थांबणार नाही. थंडीत सुस्त असतो, फेब्रुवारी-मार्चनंतर सोडलेला चांगला.

क्रायसोपाची अंडी भुशात मिसळून मिळतात. चिमूट-चिमूट सगळीकडे पसरा, एका जागी ढीग ओतला तर एकमेकांनाच खातील, ते काठीवरचं अंडं आठवा.

ट्रायकोकार्ड: पोस्टकार्डासारखा कागद, त्यावर तांदळातल्या पतंगाची साधारण २० हजार अंडी चिकटवलेली, आणि प्रत्येकात ट्रायकोग्रामा नावाची अर्ध्या मिलिमीटरची गांधीलमाशी वाढत असते. अंडी काळी दिसत असतील तर माल चांगला. शेतात एकरी दोन-तीन कार्डं लावतात, कार्डाचे तुकडे करून पानाच्या मागे टाचायचे, संध्याकाळी, मुंग्या नसतील तिथे. ही माशी अळी मारत नाही, पतंगाची अंडी मारते, म्हणजे टोमॅटोला भोक पडल्यावर कार्ड लावून काही होणार नाही, पतंग फिरायला लागले की लावायचं. आणि खरं सांगू, गच्चीवर आठ टोमॅटो असतील तर कार्डाच्या नादी लागू नका, अंडी-अळ्या हाताने वेचा. दोन-चार गुंठे परसबाग असेल तर मात्र जरूर.

पपईवरच्या मिलीबगसाठी बहुतेक ठिकाणी काही विकत आणायची गरजच नाही. २००८ मध्ये ही कीड कोइम्बतूरला पहिल्यांदा दिसली, मग पसरली, आणि २०१० मध्ये पोर्तो रिकोहून तिच्या परजीवी माश्या आणून सोडल्या, त्यातली अ‍ॅसेरोफॅगस चांगली रुजली. तुम्ही फवारलं नाही तर बऱ्याचदा ती स्वतःच शोधत येते.

सोडताना: संध्याकाळी, ऊन उतरल्यावर. झाडावर आधी हलकं पाणी शिंपडा, प्रवासातून आलेले जीव आहेत, तहानलेले असतात. पिवळे चिकट सापळे लावले असतील तर पंधरा दिवस काढून ठेवा, त्या पिवळ्या पुठ्ठ्याला तुमचे शंभर-दोनशे रुपयांचे पाहुणे पण चिकटतात.

पायरी ७: मधले दहा दिवस

सोडल्यावर पहिल्या आठवड्यात काहीही फरक दिसत नाही, उलट कीड वाढलेलीच वाटते. इथेच लोक घाबरून फवारतात आणि स्वतः सोडलेले किडे स्वतः मारतात. फारच असह्य झालं तर सगळ्यात खराब दोन शेंडे कापून टाका (आधी अंडी-अळ्या नाहीत ना ते बघून), किंवा ज्या फांदीवर मित्र नाहीत तिथला मावा पाण्याच्या जोरदार धारेने पाडा, खाली पडलेला मावा सहसा परत वर चढत नाही. दहाव्या-बाराव्या दिवशी पानांवर ढालकिड्याचे कोष दिसायला लागले की समजा गाडी रुळावर आली.

पण सगळा मावा संपायची वाट बघू नका, तो संपणार नाही, आणि संपला तर ढालकिडेही निघून जातील. माझ्या वालावर आजही दर थंडीत थोडा मावा असतो, शेंगा तरीही मिळतात.

काही गोष्टी यांच्या आवाक्याबाहेरच्या आहेत. वांग्याच्या शेंड्यात अळी शिरली की तो सुकलेला शेंडा खालून कापून फेकायचा, आत कोणी पोचत नाही. लिंबावर चिमणीच्या शिटेसारखी दिसणारी अळी फुलपाखराची, चार पानं खाईल, खाऊ दे, झाड अगदीच लहान असेल तरच उचलून दुसऱ्या लिंबावर ठेवा. आणि पावसाळ्यातल्या गोगलगाईंना यातलं कोणीच खात नाही, त्यासाठी रात्री नऊला टॉर्च, हातात पिशवी आणि बरोबर एखादं शाळकरी पोरगं, आमच्याकडे पुतण्या गोगलगाईला एक रुपया या दराने काम करतो.